उतरण्याची विद्या

घरांतील मुलगा किंवा मुलगी विमान चालविण्याचें शिक्षण घेऊं लागली म्हणजे वडील माणसांची दृष्टि प्रथम आकाशाकडे जाते. येवढ्या उंचीवर यंत्र बंद पडलें तर काय, ढगांत वाट चुकली तर काय, असे प्रश्न माजघरांत सुरू होतात. आणि संध्याकाळीं फोनवरून "उतरलें, आजी" असा निरोप आला कीं सांजवात लावणारी आजी सुटकेचा निःश्वास टाकते. ही काळजी स्वाभाविक आहे, परंतु ती थोडी भलत्या ठिकाणीं खर्च होते. शिकाऊ वैमानिकांच्या हातून लहान विमानांचे जे अपघात होतात त्यांतील मोठा भाग उंच आकाशांत घडतच नाहीं. तो धांवपट्टीवर किंवा तिच्या अगदीं जवळ, उतरण्याच्या शेवटच्या कांहीं क्षणांत घडतो.

आमच्या पुतण्याची कन्या गेलें वर्षभर ही विद्या शिकत आहे. सुटींत ती घरीं आली म्हणजे जेवणें झाल्यावर ओटीवर याच गोष्टी निघतात, आणि तिचीं पाठ्यपुस्तकें आम्हीहि चाळलीं आहेत. सारें आयुष्य शाळेंत गेल्यामुळें म्हणा, आम्हांस त्या पुस्तकांतून विमानापेक्षां विद्यार्थीच अधिक दिसला. म्हणून हा लेख.

आकाशांत यंत्र दगा देत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. २०२२ च्या जुलै महिन्यांत बारामतीहून एकटीच उड्डाणास निघालेल्या एका विद्यार्थिनीच्या विमानाची शक्ति वाटेंत गेली आणि तिला इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शेतांत विमान टेकवावें लागलें. विमानाची मोडतोड झाली, मुलगी किरकोळ दुखापतीवर बचावली. परंतु असे प्रसंग विरळा. अमेरिकेंत लहान विमानांची संख्या फार मोठी असल्यानें तेथें अपघातांची मोजदादहि बारकाईनें होते. तिच्यांत वर्षानुवर्षें एकच गोष्ट आढळते: अपघातांची संख्या पाहिली तर उतरण्याचे अपघात सर्वांत अधिक, आणि त्यांत प्राण जाण्याचें प्रमाण मात्र फार थोडें. चाक वांकडें होतें, पंखा जमिनीला घांसतो, विमान पट्टी सोडून गवतांत शिरतें आणि आंतला विद्यार्थी घाबराघुबरा पण धडधाकट बाहेर येतो. हें ऐकून आईबापांना धीर यावा हें खरें. पण ज्या कारणांनीं चाक वांकडें होतें त्याच कारणांनीं कधींकधीं मान मोडते, म्हणून तीं कारणें समजून घेणें अवश्य आहे.

उतरणें म्हणजे नुसतें खालीं येणें नव्हे. खालीं येणें दगडालाहि साधतें. सेसना १५२ किंवा १७२ यांसारखें शिकाऊ विमान धांवपट्टीकडे येतें तेव्हां त्याचा वेग सुमारें ६० ते ६५ नॉट, म्हणजे ताशीं ११० ते १२० किलोमीटर असतो. जमीन १०-१५ फूट खालीं राहिली कीं इंजिनाचा जोर काढावयाचा, हातांतील दांडी हळूहळू मागें ओढीत उतरतें नाक सावरावयाचें, आणि विमान जमिनीशीं समांतर तरंगत ठेवावयाचें. वेग कमी होईल तसतसें नाक आणखी उचलीत जावयाचें. शेवटीं पंखांची उचलून धरण्याची शक्ति संपत येते आणि मागचीं दोन चाकें जमिनीला टेकतात. नाकाखालचें तिसरें चाक त्यानंतर सावकाश खालीं येतें. या सावरण्याला वैमानिक 'फ्लेअर' म्हणतात. गंमत अशी कीं चांगला वैमानिक या वेळीं विमान जमिनीवर ठेवण्याची धडपड करीतच नाहीं. त्याला शेवटच्या क्षणापर्यंत जमिनीला टेकूं न देण्याचा तो प्रयत्न करतो, आणि त्या प्रयत्नांत हळुवार हरतो. नवशिक्याला नेमकें हेंच उमगत नाहीं. त्याला खालीं जाण्याची घाई असते.

आतां येथें थोडें गणित करूं. हें सावरणें सुरू झाल्यापासून चाकें टेकेपर्यंतचा काळ पांच-सात सेकंदांचा. पांच धरूं. विद्यार्थी शंभर वेळां उतरला तर या कामाचा त्याचा एकंदर अनुभव पांचशें सेकंदांचा, म्हणजे साडेआठ मिनिटांचाहि नव्हे! शाळेंत एका तासिकेला आम्हांस याच्या चौपट-पांचपट वेळ मिळे, आणि तेवढ्यांत एक समास नीट समजला तर आम्ही धन्य मानीत असूं. विमानाच्या विद्यार्थ्याची वही मात्र पंधरा-वीस तास उड्डाण झाल्याचें दाखविते आणि घरच्या मंडळींना वाटतें कीं वीस तासांत उतरणें कां येऊं नये? त्या वीस तासांत उतरण्याचे क्षण किती थोडे आले असतील, हें कोणी मोजीत नाहीं.

त्या क्षणांत हातापेक्षां डोळ्यांचें काम अधिक. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत दुष्यंत इंद्राच्या रथांतून भूमीकडे उतरतो तेव्हां ती भूमि वेगानें आपल्याकडे फेंकली जात आहे असें त्याला दिसतें. झाडांचे बुंधे निराळे दिसूं लागतात, बारीक रेघांसारख्या नद्या रुंद होतात. विमान पाहिलें नसतां कालिदासाला हें कसें सुचलें, हा विषय निराळा. पण विद्यार्थी वैमानिकाला नेमका हाच देखावा वाचावा लागतो. जमीन किती खालीं आहे हें यंत्राच्या कांट्यावरून शेवटच्या दहा फुटांत कळत नाहीं. नाकापुढच्या जमिनीकडेच पाहत राहिलें तर ती अंधुक धांवती पट्टी दिसते आणि मनुष्य घाबरून नाक भलत्याच वेळीं उचलतो. म्हणून शिक्षक सांगतात कीं दृष्टि धांवपट्टीच्या दूरच्या टोकाकडे जाऊं दे, जमीन कडेच्या नजरेला आपोआप कळेल. सायकल शिकतांना चाकाकडे पाहणारा मुलगा पडतो आणि रस्त्याकडे पाहणारा तरतो, तशांतलाच हा प्रकार. रोजच्या पट्टीची संवय झालेला विद्यार्थी दुसऱ्या गांवच्या अरुंद पट्टीवर गेला कीं डोळे त्याला फसवितात. अरुंद पट्टी दूरची, म्हणजे आपण उंच आहों अशी, भासते. तो नकळत खालून येतो आणि सावरण्यापूर्वींच आदळतो. रुंद पट्टीवर उलट होतें. तेथें जमीन आली असें वाटून तो नाक अगोदरच उचलतो, विमान दहा-बारा फुटांवर गति संपून लटकतें आणि धपकन् खालीं बसतें.

परंतु डोळ्यांच्या चुकीपेक्षांहि वेगाची चूक अधिक नडते, आणि ती धांवपट्टीच्या बऱ्याच अलीकडे झालेली असते. ६० नॉटांऐवजीं ७० नॉटांनीं आलों तर बिघडलें कोठें, असें नवशिक्याला वाटतें. उलट अधिक वेग म्हणजे अधिक सुरक्षितता असाच त्याचा समज असतो. पण गतिजन्य शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. दहा नॉट अधिक म्हणजे ती शक्ति शेंकडा ३६ नीं अधिक! ती कोठें तरी खर्च व्हावयास हवी. शिवाय पंखाच्या लांबीइतक्या उंचीच्या आंत विमान आलें कीं जमिनीच्या सान्निध्यानें पंखांमागचा हवेचा ओढा कमी होतो आणि विमान तरंगतच राहतें. सेसना १७२ च्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर आहे. तेव्हां हा परिणाम अगदीं शेवटींच, म्हणजे विद्यार्थ्याचा धीर सुटण्याच्या वेळींच, जाणवतो. या गोष्टीचें गणित जर्मनींत गोटिंगेन येथें लुडविग प्रांटल यांच्या पंथांतील संशोधकांनीं शंभर वर्षांपूर्वीं मांडलें. त्याच प्रांटल यांच्यापाशीं अध्ययन करून आपले डॉ. विष्णु माधव घाटगे हिंदुस्थानांत परतले आणि बंगलोरच्या कारखान्यांत त्यांच्या नेतृत्वाखालीं एच.टी.-२ हें शिकाऊ विमान तयार झालें. १९५१ सालीं तें प्रथम उडालें. आपल्या देशांत आंखलेलें पहिलें विमान विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीं होतें, याचा शिक्षकाच्या पेशांतील माणसाला थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील.

असो. विमान तरंगतें आहे, पट्टी पुढें संपत चालली आहे, अशा वेळीं अधीर झालेला विद्यार्थी दांडी पुढें ढकलतो. हीच ती घातक्रिया. पुढें ढकलतांच नाकाखालचें चाक प्रथम आपटतें. तें चाक आणि त्याचा दांडा मुळीं भार घेण्यासाठीं केलेलाच नसतो. तें आपटून विमान चेंडूसारखें वर उसळतें. विद्यार्थी घाबरून नाक खालीं करतो. पण मनुष्याचा हात डोळ्याच्या मागून येत असल्यामुळें तो हिसका लागेपर्यंत विमान स्वतःच खालीं निघालेलें असतें, आणि दुसरा आघात पहिल्याहून मोठा बसतो. डुकरमासा पाण्यांतून जसा वर-खालीं होत जातो तसें हें होत असल्यामुळें इंग्रजींत त्याला त्याच माशाचें नांव दिलें आहे. तिसऱ्या-चौथ्या उसळीला पुढचें चाक मोडतें आणि पंखा जमिनींत रुततो. सर्व प्रकार कांहीं सेकंदांचा. येथें उपाय एकच, आणि तो पहिल्या मोठ्या उसळीलाच करावयाचा: इंजिनाला पूर्ण जोर देऊन, नाक स्थिर धरून पुन्हां वर निघून जाणें. त्याविषयीं पुढें सांगूं.

वाऱ्याची गोष्ट निराळी. पट्टीला आडवा वारा असला तर विमान कडेला वाहत जातें. त्याला आवरण्यासाठीं नाक थोडें वाऱ्याकडे वळवून यावें लागतें, किंवा वाऱ्याकडचा पंख खालीं करून शेपटीच्या सुकाणूनें नाक सरळ धरावें लागतें. आणि टेकतांना तर विमानाचें तोंड नेमकें धांवण्याच्या दिशेलाच हवें. तिरकें टेकलें कीं चाकांवर आडवा ताण येतो. पूर्वींच्या टायगर मॉथ किंवा एच.टी.-२ सारख्या विमानांना तिसरें चाक शेपटीखालीं असे. त्यामुळें विमानाचें वजन मुख्य चाकांच्या मागें पडे. हातगाडी मागून ढकलणाऱ्याला ठाऊक असतें कीं ती जरा वांकडी झाली कीं अधिकच वांकडी होऊं पाहते, आणि पुढून ओढली तर आपसूक सरळ येते. शेपटीचाकाचें विमान हें मागून ढकललेल्या हातगाडीसारखें होय. तें क्षणांत गर्रकन् फिरे आणि पंखाचें टोक जमिनीला लागे. १९२८ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबांत जे. आर. डी. टाटा शिकले ते तसल्याच विमानावर. १९२९ च्या फेब्रुवारींत त्यांना मिळालेला परवाना या देशांतला पहिल्या क्रमांकाचा. आजचीं बहुतेक शिकाऊ विमानें नाकाखालीं चाक असलेलीं, म्हणून पुष्कळ क्षमाशील आहेत. तरीहि आपल्याकडे बारामती, धुळें, शिरपूर, गोंदिया या भागांत चैत्र-वैशाखाच्या दुपारीं वारा सरळ असूनहि सुखानें उतरूं देत नाहीं. नांगरलेल्या काळ्या रानावरून तापलेली हवा विमानाला उचलते, आणि पाटाच्या पाण्याखालच्या उसावर आलें कीं तें एकदम खचतें. म्हणून शहाणे शिक्षक नवशिक्यांना सकाळींच बाहेर काढतात.

आतांपर्यंत सांगितलेल्या अपघातांत बहुधा लोखंड मोडतें. ज्यांत माणूस जातो तो प्रकार वेगळा आणि थोडा आधींचा आहे. विमान धांवपट्टीला समांतर उलट दिशेनें जातें, मग काटकोनांत वळतें, आणि पुन्हां एकदां वळून पट्टीच्या सरळ रेषेंत येतें. हें शेवटचें वळण घेण्यास उशीर झाला कीं पट्टी बाजूला निसटूं लागते. विद्यार्थ्याला ती परत पकडावयाची असते. पण जमिनीजवळ फार कलावयास तो भितो, म्हणून सुकाणूच्या पायानेंच नाक ओढूं लागतो आणि हातानें दांडी मागें घेतो. गति कमी, नाक वर, विमान आडवें घसरतें आहे, अशा स्थितींत एका बाजूचा पंख हवेची पकड सोडतो आणि विमान गिरकी खाऊन कोसळतें. जमीन पांचशें फुटांवर असते. सावरण्यास तेवढी उंची पुरत नाहीं. आणि हें सर्व कशासाठीं, तर निसटलेली रेषा त्याच फेरींत साधावी म्हणून! ती सोडून दिली असती तर सहा-सात मिनिटांत तीच पट्टी पुन्हां समोर आली असती.

येथें आम्ही मुख्य मुद्द्याला येऊन पोंचलों. वर वर्णिलेल्या प्रत्येक प्रसंगांत, वेग अधिक असो, डोळा फसो, विमान उसळो, वारा ढकलो किंवा वळण चुको, सुटकेची वाट एकच होती: उतरणें सोडून द्यावें आणि पुन्हां वर जावें. वैमानिक याला 'गो-अराउंड' म्हणतात. यांत लाज नाहीं, दंड नाहीं; मोठमोठ्या प्रवासी विमानांचे मुरलेले कप्तानहि हें करतात. तरी विद्यार्थी तें करीत नाहीं, किंवा करावयाचें तेव्हां न करतां पट्टी संपत आल्यावर करतो. हें कौशल्यहि शिकावेंच लागतें, कारण पूर्ण जोर देतांच नाक एकदम वर उसळूं पाहतें आणि डावीकडे वळतें, आणि खालीं सोडलेले फ्लॅप घाईनें एकदम मिटले तर विमान खचतें. उतरण्याचा सराव शंभर वेळां आणि सोडून देण्याचा दोन वेळां, असा हिशेब असेल तर ऐन वेळीं हात तिकडे वळणार कसा?

पण हाताहून मनाचा अडथळा मोठा, आणि त्याचें मूळ पुष्कळदां विमानतळावर नसतें, घरांत असतें. व्यावसायिक परवान्याला दोनशें तासांचें उड्डाण लागतें. एकंदर खर्च चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या घरांत जातो. कोठें जमीन विकलेली असते, कोठें घर गहाण पडलेलें असतें, कोठें काकांनीं आपल्या निवृत्तीच्या पैशांतून हातभार लावलेला असतो. प्रत्येक तासाचें मोल मुलाला तोंडपाठ असतें. फोनवर बाप विचारतो, "किती तास झाले?" आत्या विचारते, "शेजारच्यांचा मुलगा तर तुझ्यामागून लागला ना, तो एकटा उडाला म्हणे?" विचारणाऱ्यांच्या मनांत मायाच असते. परंतु धांवपट्टीवर येतांना, वेग दहा नॉट अधिक आहे हें कांट्यावर दिसत असतां, तो मुलगा मनांत हिशेब करतो कीं आणखी एक फेरी म्हणजे आणखी सहा मिनिटांचे पैसे, आणि खालीं उभ्या असलेल्या सोबत्यांपुढें नामुष्की. शाळेंतील परीक्षेंत उत्तर चुकत आहे हें कळूनहि खोडून नवें लिहिण्याऐवजीं तेंच पुढें रेटणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. हुशार मुलेंच तें अधिक करतात.

याच्या उलट बाजूचीं दोन उदाहरणें सांगण्याजोगीं आहेत. २०१८ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील बेव्हर्ली येथें सतरा वर्षांची एक विद्यार्थिनी एकटीच उड्डाणाला निघाली आणि जमीन सोडतांच तिच्या विमानाचें एक मुख्य चाक गळून पडलें. खालून रेडिओवर तिच्या शिक्षकाचा आवाज तिला ऐकवण्यांत आला. ती घिरट्या घालीत राहिली, सर्व तयारी होऊं दिली, आणि उरलेल्या चाकांवर विमान घासत आणून सुखरूप बाहेर पडली. दुसरें २०१९ सालचें, ऑस्ट्रेलियांत पर्थजवळील जँडाकॉट विमानतळावरचें. तेथें शिकवणी चालू असतांनाच शिक्षक बेशुद्ध पडला, आणि शेजारीं बसलेल्या विद्यार्थ्यानें तोंवर विमान एकदांहि उतरविलेलें नव्हतें. नियंत्रकानें त्याच्याशीं शांतपणें बोलत बोलत, धीर देत देत विमान खालीं आणविलें. दोन्हीं ठिकाणीं संकट उघड होतें, म्हणून कोणीहि घाई केली नाहीं. त्या दोघांपाशीं एका साध्या, वारा नसलेल्या सकाळीं उसळी खाऊन चाक मोडणाऱ्या विद्यार्थ्याहून अधिक कौशल्य नव्हतें. त्यांना सवड होती, आणि ती त्यांनीं वापरली.

शिक्षकाची भूमिका या सर्वांत फार नाजुक आहे. शिकाऊ विमानाला दोन दांड्या असतात. विद्यार्थ्याची चूक होऊं लागली कीं शिक्षकानें केव्हां हात घालावा? लौकर घातला तर विद्यार्थी चूक दुरुस्त करावयास कधींच शिकत नाहीं. अर्धा सेकंद उशीर झाला तर दोघेहि गवतांत. सबब "आतां विमान माझ्याकडे", "घ्या, तुमच्याकडे" असें स्पष्ट बोलून देणें-घेणें करण्याचा नियम आहे. नाहीं तर दोघेहि दांडी ओढीत राहतात किंवा दोघेहि सोडून बसतात. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडांत शिक्षणाची दशा इतकी वाईट होती कीं आघाडीवरून थकून आलेले शिक्षक विद्यार्थ्यांना शत्रूचें टोपणनांव देऊन 'हूण' म्हणत, कारण विमानें मोडण्यांत ते शत्रूला हार जात नसत! १९१७ सालीं रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानें गॉसपोर्ट येथें ही पद्धतच उलटी केली. विद्यार्थ्याला वैमानिकाच्या आसनावर बसवावयाचें, नळीच्या द्वारें त्याच्या कानांत बोलत राहावयाचें, आणि कठीण प्रसंग टाळण्याऐवजीं ते मुद्दाम आणून त्यांतून बाहेर कसें पडावें हें शिकवावयाचें. ती पद्धत पुढें जगभर गेली. आम्हांस तिच्यांतली एक गोष्ट विशेष मोलाची वाटते: चूक झाल्यावर काय करावें, हें तिनें पाठाचाच भाग केलें. आमच्या काळच्या शाळांत चूक झाल्यावर काय होई, हें वाचकांपैकीं कित्येकांच्या तळहातांना आठवत असेल.

२०२३ च्या ऑक्टोबरांत बारामतीच्या परिसरांत चार दिवसांत दोन शिकाऊ विमानें पडलीं. प्राणहानि झाली नाहीं, परंतु वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला आणि सरकारी चौकशाहि झाल्या. त्या त्या अपघाताचीं कारणें तपासणाऱ्यांनींच सांगावीं. आमचें लक्ष जातें तें ज्यांची बातमी होत नाहीं अशा आघातांकडे. विद्यार्थी एकटा उडाला, जोरानें आदळला, विमान चालतेंच आहे, कोणीं पाहिलें नाहीं. सांगावें कीं न सांगावें? नाकाचें चाक आपटल्यावर त्याचा धक्का इंजिनामागच्या पत्र्याच्या पडद्याला बसतो. त्यावर सुरकुती पडते, आणि ती इंजिनाचें आवरण काढल्यावांचून बहुधा दिसत नाहीं. विद्यार्थी गप्प बसला तर तासाभरानें तेंच विमान दुसरा विद्यार्थी घेऊन जातो. दौत सांडल्यावर ती हळूच शेजाऱ्याच्या बाकाखालीं सरकविणाऱ्या मुलांस आम्ही रागें भरत असूं. येथें दौतीचा प्रश्न नाहीं.

गेल्या माघांत आमच्या नातीवर हा प्रसंग आला. वारा थोडा आडवा होता, विमान तरंगलें, उसळलें आणि नाकावर बसलें. ती सांगत होती, "भाऊआजोबा, पट्टीवरून बाहेर येईपर्यंत मनांत एकच विचार होता, कीं हें कोणाला दिसलें नसेल तर बरें." विमान थांबवून ती दोन मिनिटें आंतच बसली. मग इंजिन बंद केलें, चावी हातांत घेतली आणि सरळ शिक्षकांच्या खोलींत जाऊन जसें घडलें तसें सांगितलें. शिक्षक रागावले नाहींत, बरेंहि म्हणाले नाहींत. त्यांनीं यांत्रिकाला हांक मारली. विमान छपरीखालीं ओढून नेलें, इंजिनाचें आवरण काढलें, बॅटरीच्या उजेडांत पडदा पाहिला, चाकाचा दांडा आणि पंख्याचीं टोंकें तपासलीं. दीड तास गेला. त्या दिवशीं त्या विमानावर नांव असलेल्या तिघांचीं उड्डाणें रद्द झालीं आणि त्यांपैकीं दोघे तिच्याशीं संध्याकाळपर्यंत बोलले नाहींत. पत्र्यावर सुरकुती निघाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शिक्षक तिच्या शेजारीं बसले आणि त्यांनीं तिला सहा फेऱ्या करावयास लावल्या. सहाहि वेळां, चाकें टेकण्यापूर्वींच, "सोड, वर चल" असें सांगितलें. त्या दिवशीं ती जमिनीला शेवटच्या सातव्या फेरींतच टेकली.